संरक्षण कामाला, हुद्द्याला नव्हे

रुग्णवाहिका गर्दीत अडकल्याची, अग्निशमन दलाच्या जवानाशी कोणी हुज्जत घातल्याची किंवा अपघात विभागात डॉक्टरवर हात उगारल्याची चित्रफीत फिरू लागली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, कायदा कडक करा, जामीनच मिळू देऊ नका, पाच-दहा वर्षे आत टाका. दुसरा म्हणतो, सरकारी माणसाच्या हातात आणखी एक दंडुका देऊ नका, आहे तोच सामान्य माणसाच्या पाठीवर पुरेसा बसतो आहे. महाराष्ट्रात हा वाद 'तीनशे त्रेपन्न', म्हणजे सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचे कलम, या नावाने कितीतरी वर्षे चालू आहे. अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या संघटना या कलमाला हात लावू देत नाहीत, आणि सभागृहात आमदार उठून सांगतात की साधा जाब विचारला तरी आमच्यावर हे कलम लागते. दोघेही भांडतात ते शिक्षेच्या वर्षांवर. संरक्षण नेमके कोणत्या कामाला द्यायचे, कोणत्या क्षणी द्यायचे आणि कोणापासून, हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. जीव वाचवण्याच्या कामात अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा असला पाहिजे आणि त्यासाठी वेगळा कायदा हवा. पण तो कायदा चालू असलेल्या कामाला संरक्षण देणारा हवा. गणवेश, ओळखपत्र, हुद्दा किंवा साहेबांचा मान यांना त्याचे संरक्षण असता कामा नये. ही रेघ नीट ओढली नाही, तर ज्याला ढाल हवी तो उघडा राहतो आणि ज्याला नको त्याच्या हातात ती शस्त्र बनते. आज आपल्याकडे नेमके तेच झाले आहे.

कलम ३५३ चा प्रवास पाहा. सरकारी नोकराला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, असा हा भारतीय दंड संहितेतला गुन्हा. मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून ती पाच वर्षांवर नेली आणि खटला सत्र न्यायालयात चालेल अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, या गुन्ह्याचा क्रमांक १३२ झाला आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. म्हणजे सहा वर्षांत आपण दोनवरून पाचवर आणि पाचवरून दोनवर असा फेरा पूर्ण केला. या फेऱ्यात आगीच्या ठिकाणी बंब एक मिनिट तरी लवकर पोचला का? पोचणार कसा? या कलमाला आणीबाणीचे काम आणि टेबलावरचे काम यांतला फरकच कळत नाही. जळत्या इमारतीत शिरणारा जवान आणि सातबाऱ्यावर सही द्यायला तीन खेपा घालायला लावणारा कर्मचारी या कलमाच्या लेखी एकाच रांगेत उभे आहेत. तहसील कचेरीत आवाज चढवणारा शेतकरी आणि बंबाची वाट अडवणारा गुंड यांना एकाच मापाने मोजणारा कायदा कोणाच्याही मनात धाक निर्माण करत नाही, फक्त चीड निर्माण करतो.

उलट बाजूने पाहिले तर ज्यांना संरक्षणाची खरी गरज आहे त्यांतले कितीतरी जण या छत्राखाली येतच नाहीत, किंवा येतात की नाही यावर वकिलांना हवा तेवढा काथ्याकूट करता येतो. हा कायदा 'लोकसेवक' शोधतो. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक कंत्राटदार कंपनीच्या पगारावर असतात. किनाऱ्यावरचे जीवरक्षक अनेक ठिकाणी कंत्राटी. आणि आपल्या डोंगरातले ट्रेकर तर कोणाच्याच पगारावर नाहीत. २०१८ च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून त्या दरीत उतरले ते महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांचे स्वयंसेवक. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला रस्ता नव्हता, पोकलेन वर चढू शकत नव्हते. भर पावसात, अंधारात, चिखलाच्या पायवाटेने चढून गेलेल्यांत आसपासच्या गावांतली आणि गिर्यारोहण संस्थांची पोरे होती. त्या चढावर एका अग्निशमन अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो तिथेच गेला. आता त्या रात्री एखाद्या दारूड्याने वाट अडवून मारामारी केली असती, तर अधिकाऱ्याला ३५३ ची ढाल होती. त्याच्या शेजारी तोच दोर धरून उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला नव्हती. धोका तोच आणि काम तेच असताना हा फरक कोणत्या तर्कात बसतो?

आणि जिथे हे कलम लागायला नको, तिथे ते हटकून लागते. बंगळूरुच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका जोडप्याने एका अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल तक्रार लिहिली, त्यावरही ३५३ लावले गेले. मजकूर लिहिणे म्हणजे हल्ला नव्हे, हे ठरवायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१५ मध्ये गुन्हा रद्द झाला. वर्ध्यात एकाने पोलीस ठाण्यातल्या बोलण्याचे चित्रीकरण केले, तर त्याच्यावर चक्क सरकारी गुपिते कायदा लावला. पोलीस ठाणे ही त्या कायद्यातली 'निषिद्ध जागा' नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला २०२२ मध्ये सांगावे लागले. दोघेही सुटले हे खरे. पण सुटेपर्यंतच्या वर्षांचा, वकिलाच्या फीचा आणि कोर्टाच्या तारखांचा हिशेब कोण देणार? रुंद कायद्याची शिक्षा निकालाने होत नाही, ती खटल्यानेच भोगून होते.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पुण्याने ती १८९७ मध्येच सोसली आहे. त्या वर्षी प्लेगसाठी साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा, आणि या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल अंमलदारावर दावा चालणार नाही, अशी चौथ्या कलमाची हमी. रँडच्या हाताखालचे सोजीर घराघरांत घुसले. लोकांच्या डोळ्यांदेखत सामान जाळले गेले, बायकांच्या अब्रूची पत्रास राहिली नाही, अशा तक्रारी झाल्या. रँडचे काम साथ आवरण्याचेच होते आणि साथ खरीच होती, हे विसरून चालणार नाही. आजच्या भाषेत तोही आणीबाणीतला अंमलदारच. पण त्याच्या कामाला जाब नव्हता, म्हणून लोकांनी रोगी लपवले. माळ्यावर, कोठारात, परगावी. ज्या कायद्याने साथ आटोक्यात यायची त्याच कायद्याने ती अंधारात ढकलली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीवर, सावित्रीबाई फुले आणि डॉक्टर यशवंत यांचा प्लेगचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सावित्रीबाईंकडे ना शिपाई होते ना कलम चार. लोकांनी त्यांच्यापासून रोगी लपवले नाहीत. मी हे भावनेने सांगत नाही. संकटात मदतीला येणाऱ्याला वाट मिळते ती विश्वासाने, आणि कायद्याने अंमलदाराला जाबापासून सोडवले की पहिला तडा त्या विश्वासालाच जातो, एवढेच मला दाखवायचे आहे. २०२० मध्ये करोनाकाळात आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले तेव्हा केंद्राने वटहुकूम काढला तो याच १८९७ च्या कायद्याला जोडून. हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षे, आणि गंभीर इजेच्या खटल्यात आरोपीनेच आपण निर्दोष असल्याचे दाखवायचे. एकशे तेवीस वर्षांनंतरही आपल्याला दुसरी चौकट सुचली नाही. शिवाय ते संरक्षण साथीपुरतेच. साथ ओसरल्यावर त्याच परिचारिकेचे डोके कोणी फोडले तर ते कलम कामाचे नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. त्यात दम आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

पहिला मुद्दा वेदनेचा. हल्ले काल्पनिक नाहीत. २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला जमावाने मारले, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, राज्यभर निवासी डॉक्टर कामावरून उठले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर देशभरचे डॉक्टर रस्त्यावर आले आणि सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कृती दल नेमावे लागले. जो माणूस दुसऱ्याचा जीव वाचवायला वाकलेला आहे त्याला पाठीमागून येणारा फटका दिसत नसतो. त्याला समाजाने जास्तीचे कवच दिलेच पाहिजे, यात दुमत असूच शकत नाही. पण धुळे घडले तेव्हा महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा स्वतंत्र कायदा सात वर्षे अस्तित्वात होता. २०१० चा. अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. त्या रात्री त्या जमावातल्या कोणाला तो आठवला? धुळ्यानंतर डॉक्टरांनी मागितले काय, तर दारात सुरक्षारक्षक, आणि रुग्णामागे दोनच नातेवाईक आत सोडण्याची शिस्त. मार खाल्लेल्या माणसाला आपल्याला काय हवे ते बरोबर कळते. त्याने शिक्षेचे आणखी एक वर्ष मागितले नाही, दारात माणूस मागितला.

दुसरा मुद्दा कॅमेऱ्याचा, आणि तो अधिक अवघड आहे. अपघातात पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मोबाइल रोखून उभी असलेली गर्दी पाहून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जात नाही असा माणूस विरळा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि सीमेपलीकडचे सूत्रधार टीव्ही पाहून आत लपलेल्यांना सूचना देत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे नुसते चित्रीकरणही जीव घेऊ शकते. मान्य. पण त्यानंतर काय केले गेले ते पाहा. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचे नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून माहिती देईल, कारवाई संपली की बंदीही संपली. धोका नेमका ओळखला आणि तेवढ्यापुरतेच दार लावले. 'सुरक्षा दलांचे चित्रीकरण गुन्हा' असे कोणी म्हटले नाही. अरुंद कायदा दुबळा असतो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर तपासावे.

जर्मनीनेही असेच केले. २०१७ च्या जुलैत बव्हेरियात म्युंखबेर्गजवळ महामार्गावर बसला आग लागून अठरा माणसे गेली. मदतीच्या गाड्यांसाठी मधली वाट मोकळी ठेवायची सक्ती तिथे आधीपासून होती, पण अनेकांनी ती पाळली नाही. त्याच वर्षी ती वाट न सोडणाऱ्याचा दंड वीस युरोंवरून किमान दोनशेवर गेला. मदत करणाऱ्याला अडवणे हा फौजदारी गुन्हा त्याच वर्षी झाला, कैद एक वर्षापर्यंत. अपघातात मेलेल्या माणसाची विटंबना करणारी छायाचित्रे काढणे हा वेगळा गुन्हा २०२१ पासून. वाट अडवणे, हात अडवणे आणि मृताची अब्रू घेणे ही तीन दुष्कृत्ये आहेत, म्हणून तीन कलमे. आपल्याकडच्या चर्चेत मात्र या तिन्हींची एकच मोळी बांधतात आणि तिच्यावर 'पाच वर्षे' अशी चिठ्ठी चिकटवतात.

तिसरा मुद्दा असा, की आणीबाणीत तोलून-मापून पाहायला वेळ नसतो. जवानाला समोरच्याचा हेतू ओळखत बसता येत नाही. त्याला ठसठशीत रेघ हवी. हे खरेच आहे. पण ती रेघ कुठे ओढायची ते कायद्याचे पुस्तक कसे सांगणार? बोरघाटात गॅसचा टँकर उलटला तर शेकडो मीटर परिसर रिकामा करावा लागतो. दुचाकीवरून पडलेल्याला श्वास घ्यायला दहा फूट पुरतात. गिरगावच्या चाळीत तर दहा फुटांत अर्धा मजला येतो आणि तिथून हटायला सांगितलेला माणूस त्या मजल्यावरच राहत असतो. रेघ घटनास्थळी ओढली पाहिजे: दोरीने, फितीने, मोठ्याने दिलेल्या सूचनेने. ती ओढली, सांगितली, आणि तरी माणूस ओलांडून आला किंवा हलला नाही, तर त्याला शिक्षा करा. त्याला माझी जराही हरकत नाही.

दोरीचा विषय निघाला म्हणून पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीबद्दल सांगतो, कारण या सगळ्या चर्चेत ते उदाहरण सर्वांत मोलाचे असून त्याच्याकडे आपण फक्त कौतुकाने पाहतो. लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ढोलांचा ठोका छातीत वाजत असतो. आणि मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो. आधी ताशा थांबतो. मग पथकातली पोरे ढोल पोटाशी आडवा धरून कडेला सरकतात. मंडळाचे कार्यकर्ते हातात हात गुंफून दोन्ही बाजूंना साखळी धरतात आणि पाठीने गर्दी मागे रेटतात. 'मागे, मागे, पाय सांभाळा', एवढेच शब्द. गाडीच्या आरशाला कोणाचा खांदा लागत नाही इतकीच वाट होते, गाडी जाते आणि मागे गर्दी पुन्हा मिळते. इथे मोटार वाहन कायद्याचे कलम १९४-ई कोणाच्या डोक्यात असते? रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या वाहनचालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी ती २०१९ ची तरतूद. लाखोंच्या गर्दीला जे जमते ते कर्वे रस्त्यावरच्या चाळीस मोटारींना का जमत नाही? माणसे तीच असतात, कित्येकदा अक्षरशः तीच. फरक इतकाच की मिरवणुकीत वाट काढणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम आहे आणि त्याचा सराव आहे. चौकात ते कोणाचेच नाही. पुढच्या मोटारीला सरकायला जागा नाही, सिग्नल लाल, तो तोडला तर चलान घरी येईल ही भीती. अशा वेळी दहा हजारांचा धाक काय करील? चालकाला अधिक घाबरवेल, बस.

आणि वाट खरोखर अडवतो कोण? आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पिसाळलेला जमाव. पण अग्निशमन दलातल्या कोणालाही विचारा. गल्लीच्या तोंडाशी दुतर्फा लावलेल्या मोटारी. जवान खाली उतरतात, आरसे दुमडतात, दुचाकी उचलून कडेला ठेवतात, आणि शेवटी बंब बाहेरच ठेवून होज खांद्यावर घेऊन आत धावतात. इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत शेड. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला. जिन्यात कपाट, चपलांचे स्टँड, जुना फ्रिज. रेफ्युज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायच्या राखीव जागेत, कोणाचे तरी सामान. हा अडथळा बंब निघायच्या कितीतरी वर्षे आधी उभा केलेला असतो, आणि तो शांतपणे, सभ्य माणसांनी, सोसायटीच्या सभेत ठराव करून उभा केलेला असतो. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधल्या आगीत चौदा जण गेले. बाहेरची वाट न सापडल्याने अनेक जण स्वच्छतागृहात गुदमरून मेले. तिथे कोणी जवानाची कॉलर धरली नव्हती. पण मदतीची वाट अडवली गेली होती ना? महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. इमारतीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे, असा नियम आहे. किती इमारती ते देतात, आणि जे दिले जाते ते किती ठिकाणी कोणी जिना चढून खरे करून पाहतो? काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये २०१५ च्या मे महिन्यात आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. अशा माणसांच्या नावाने कायदा मागायचा असेल, तर त्याने रागाच्या भरात शिवी हासडणाऱ्या नातेवाइकाआधी गच्चीला कुलूप लावणाऱ्याचा विचार केला पाहिजे.

मग तो कायदा कसा असावा? ब्रिटनने २००६ मध्ये केलेला एक छोटासा कायदा मला आपल्या आमदारांनी वाचावा असे वाटते. आणीबाणीतल्या कामगारांना अडथळा करण्याविरुद्धचा. त्यात अग्निशमन, रुग्णवाहिका आणि तटरक्षक आहेत, तसे समुद्रात बचावनौका घेऊन जाणारे स्वयंसेवकही आहेत. आणीबाणी कशाला म्हणायचे हे त्यात लिहून ठेवले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, अशा कामगाराला मदत करणाऱ्या माणसाला अडवणे हाही त्यात गुन्हा आहे; म्हणजे आपला आंबेनळीचा ट्रेकर त्यात बसतो. शिक्षा? केवळ दंड. हल्ला केला तर त्यासाठी वेगळा, कडक कायदा त्यांनी २०१८ मध्ये केला. अडवणे वेगळे आणि मारणे वेगळे, हे भान त्यात आहे. आपल्याकडे मदत करणाऱ्या सामान्य माणसाला पोलिसांच्या ससेमिऱ्यातून सोडवायलाच २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि २०१९ चे मोटार वाहन कायद्यातले कलम १३४-अ लागले. जखमीजवळ सर्वांत आधी पोचतो तो वाटसरू. उद्या 'घटनास्थळी उपस्थिती' हाच गुन्हा ठरवणारा ढिसाळ कायदा आला, तर तो वाटसरू पुन्हा मान वळवून निघून जाईल, आणि दहा वर्षांत जे थोडे कमावले ते पाण्यात जाईल.

ब्रिटनच्या त्या यादीत पोलीस नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा जुना कायदा आहे. आपणही पोलिसांना पोलीस म्हणून या कायद्यात घेऊ नये. इथेच माझे अनेक मित्र माझ्यापासून फारकत घेतात. पोलीसही जीव धोक्यात घालतात, मग त्यांना का वगळायचे, असे ते विचारतात. उत्तर असे की जवान आणि डॉक्टर यांच्याकडे नागरिकावर बळ वापरण्याचा अधिकार नाही, पोलिसाकडे आहे. ज्याच्या हाती बळ आहे त्याच्याकडे पाहत राहण्याचा हक्क लोकांना हवाच. अमेरिकेत फ्लोरिडाने जानेवारी २०२५ पासून कायदा लागू केला: ताकीद दिल्यानंतर पोलीस, अग्निशमन जवान किंवा वैद्यकीय कर्मचारी यांच्यापासून पंचवीस फुटांच्या आत त्रास द्यायच्या हेतूने थांबलात, तर साठ दिवसांपर्यंत कैद. हेतूची अट त्यात आहे, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. इंडियानाच्या तशाच कायद्यात तीही नव्हती आणि संघीय न्यायालयाने २०२४ मध्ये तो संदिग्ध म्हणून रोखला. पण हेतू ठरवणार कोण? त्या जागी, त्या क्षणी, तोच पोलीस.

२५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर एका पोलिसाने गुडघा रोवला, तेव्हा पदपथावर काही फुटांवर उभ्या असलेल्या माणसांत कामावर नसलेली एक अग्निशमन कर्मचारी होती. आणीबाणीत उपचार करण्याचे प्रशिक्षण घेतलेली. ती ओरडून सांगत होती की याची नाडी पाहा, मला पाहू द्या. तिला मागे हटवले गेले. तिच्याजवळच सतरा वर्षांची एक मुलगी मोबाइलवर सगळे टिपत होती. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात, संशयिताला वैद्यकीय त्रास होऊन त्याचा मृत्यू झाला, असे म्हटले होते. ते खोटे पडले त्या चित्रफितीमुळे. आता सांगा, त्या पदपथावर जीव वाचवायला आलेला माणूस कोण होता आणि त्याच्या कामात अडथळा आणणारा कोण? हुद्द्याकडे पाहून ठरवाल तर उत्तर चुकेल. चालू असलेल्या कामाकडे पाहाल तर लहान मूलही बरोबर सांगेल.

म्हणून महाराष्ट्राच्या कायद्यात व्याख्या कामाची असू द्या. जखमीला किंवा अडकलेल्याला बाहेर काढणे, त्याच्यावर उपचार करणे, त्याला नेणे, आग विझवणे, आणि या कामासाठी वाट मोकळी करणे. हे काम करणारा सरकारी असो, कंत्राटी असो की दोर घेऊन आलेला गावकरी, त्याला सारखेच संरक्षण. सूचना दिल्यानंतरही न हटणे किंवा रेघ ओलांडणे याला दंड आणि समाजसेवेची शिक्षा. हात उचलला तर कैद. संकटाच्या वाटेवर कायमचा अडथळा उभा करणाऱ्या इमारतमालकाला आणि सोसायटीला, त्यापायी जीव गेल्यास, हल्लेखोराइतकीच कैद. अंतरावरून चित्रीकरण करणे हा अडथळा नाही, हे वाक्य कायद्यातच लिहिलेले. आणि पोलिसांचे काय, तर महामार्गावर चेपलेल्या मोटारीचे दार उचकटून जखमीला बाहेर ओढणारा हवालदार त्या क्षणी याच व्याख्येत बसतो, त्याला पूर्ण संरक्षण आहे. तासाभराने त्याच रस्त्यावर त्याच हवालदाराने जमलेल्या कोणावर लाठी चालवली, तर ते टिपणाऱ्याला हटवण्यासाठी हे कलम त्याला वापरता येता कामा नये.